फुगा फुगायच्या आत

अंबीला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. हे आधी सांगते, कारण नंतर गावभर झालं की जयसिंगपूरच्या पोरींनी कोपर मारलं. खोटं आहे. ती चढाईला गेली होती, मधल्या रेषेच्या जरा पलीकडं, समोरच्या पोरी अजून मागंच सरकत होत्या, आणि एकदम तिच्या नाकातून रक्त. थेंब थेंब नाही हां. नळ सोडल्यासारखं! जर्सी पिवळी होती आमची, ती बघता बघता पुढून लाल.

मी ओरडले, "अंबे, परत ये!"

आणि ही बया काय करते? तोंडात रक्त जातंय, तरी "कबड्डी कबड्डी" चालूच. दम न सोडता मागं मागं आली, रेषा ओलांडली आणि मग माझ्या अंगावर पडली. पंच शिट्टी तोंडात धरून नुसता उभा.

शिरगुप्पे सर, आमचे कोच, बर्फ घेऊन पळत आले. "घोळणा फुटलाय. ऊन लागलंय. मान वर करा तिची!"

सर म्हणाले आणि आम्ही मान वर केली. कारण तसा तो पहिला घोळणा नव्हताच. महिन्याभरापूर्वी सरावात ती तोंडावर आपटली होती, गर्दीत कुणाचा तरी गुडघा डाव्या डोळ्याखाली बसला, डोळा काळानिळा झाला. आठ दिवसांत बरा. त्यानंतर मधूनमधून नाकातून रक्त यायचं. तिची आई, आमच्या कलाकाकू, ब्लाउज शिवतात इचलकरंजीत, त्यांनी सगळे उपाय केले. कांदा फोडून हुंगवला. नाकात दूर्वांचा रस सोडला. टाळूवर गार पाण्याची पट्टी. शेंगदाण्याची चटणी बंद, उष्ण पडते म्हणून. आणि रक्त थांबायचं की! थांबलं की काकू म्हणायच्या, "बघ, दूर्वेला तोड नाही."

त्या दिवशी कशानंच थांबेना. जयसिंगपूरच्या डॉक्टरांनी नाकात बोळे कोंबले आणि म्हणाले, हे माझ्या हातचं नाही. तिथून थेट कोल्हापूर. तिथं फोटो काढले डोक्याचे, आणि मग डॉक्टर कित्तूरांनी आम्हाला आत बोलावलं. अंबी, काकू आणि मी. मी कोण म्हणून विचारलं तर अंबी नाकात बोळे असताना म्हणाली, "बहीण आहे." मी निलोफर बागवान, ही अंबिका दिवटे, आणि बहिणी! डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि "बरं" म्हणाले.

कित्तूर डॉक्टर बेळगावकडचे. पांढऱ्या मिशा, आवाज एकदम खालचा. काकूंना म्हणाले, "डोक्याला रक्त नेणारी मोठी नळी असते मावशी, मानेतून वर जाते. हिची ती नळी कवटीच्या आत फाटलीय. नाकाच्या मागंच. महिन्यापूर्वीच्या माराने. फाटलं तिथं फुगवटा आलाय, आणि त्या फुगवट्याला धड भिंत नाही. नुसती रक्ताची साय धरलीय म्हणा."

"म्हणजे घोळणा नव्हे?" काकू.

"घोळणा नव्हे. तुम्ही कांदा हुंगवत होता तो मेंदूच्या रक्ताला."

काकू खुर्चीवर होत्या म्हणून बरं. एक महिना! एक महिना ही पोरगी ते डोक्यात घेऊन मातीत लोळत होती, आणि आम्ही तिच्या नाकापुढं कांदा धरत होतो.

अंबी मात्र सरळ. "आता काय करायचं ते सांगा. माझं शिबिर आहे पुढच्या महिन्यात."

राज्य संघाचं शिबिर. आमच्या मैदानावरनं तिथवर गेलेली ती पहिली. सरांनी पेढे वाटले होते.

डॉक्टर म्हणाले, "दोन रस्ते आहेत. एक, ती नळीच कायमची बंद करून टाकायची. डोक्याला रक्त नेणाऱ्या चार नळ्या असतात, कधी कधी उरलेल्या तीन सांभाळून घेतात. सगळ्यांच्या घेत नाहीत. दुसरा रस्ता म्हणजे नळी चालू ठेवायची आणि आतून अस्तर लावायचं. जाळीची बारीक नळी, तिच्यावर पातळ पडदा. मांडीच्या शिरेतून वर न्यायची, फाटलंय तिथं उघडायची. पडद्यानं भोक झाकतं, रक्त आतल्या आत पुढं जातं. झाकलेला स्टेंट."

"ब्लाउजला अस्तर लावतात तसं?" काकू.

"अगदी तसं. फक्त बाही वळणावळणाची, आणि सुई मांडीतून घालायची."

"मग तेच करा की!"

"करता येईल. पण ते अस्तर ताठ असतंय. वळणावर अडू शकतं. फाटलेलं आणखी फाटू शकतं, मग टेबलावरच खेळ खलास. आणि नीट बसलं तरी त्यात रक्त गोठू नये म्हणून रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या. जोराचा मार अजिबात चालायचा नाही."

अंबीनं विचारलं, "म्हणजे कबड्डी?"

"विसर."

"किती दिवस?"

"विसर म्हटल्यावर दिवस कसले मोजतेस?"

"आणि नळी बंद केली तर?"

"तेही लगेच नाही. वर्षभरानं बघू. मी शब्द देत नाही."

झालं! अंबीबाईंना "बघू" एवढंच ऐकू आलं. "मग बंद करा," म्हणाली. "पहिला रस्ता."

"तो तू निवडायचा नाहीस. तुझा मेंदू निवडणार."

मग त्यांनी चाचणी सांगितली. मांडीतून एक बारीक फुगा वर न्यायचा, त्या नळीत, आणि फुगवायचा. म्हणजे नळी तेवढ्यापुरती बंद. आणि हे सगळं अंबी जागी असताना! तिनं बोलत राहायचं, हात हलवत राहायचं. सगळं नीट राहिलं तर नळी कायमची बंद करता येते. बोलणं अडखळलं, हात पडला, तर लगेच फुगा खाली, आणि मग अस्तरच.

अंबी म्हणाली, "चालेल. पण एक. मला विचारल्याशिवाय ते अस्तर-बिस्तर लावायचं नाही. मी जागी आहे ना? मग मला विचारायचं."

काकू तिला फटका मारायला उठल्या. डॉक्टर म्हणाले, "राहू दे मावशी. वीस वर्षांची आहे. विचारीन." मग माझ्याकडं वळले. "बहीणबाई, रक्त बघून पडतेस काय?"

"नाही."

"मग तू आत ये. हिला ओळखणारं कुणीतरी मला डोक्याशी पाहिजे. ही रोज कशी बोलते मला काय माहीत?"

आता आमच्याकडच्या बऱ्याच पोरी पोरांसारखं "मी आलो, मी गेलो" म्हणतात, तुम्ही पुण्याचे हसू नका, आणि अंबी तर त्यातही पुढं. ती शिव्या देत नसेल तरच मला काळजी वाटायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला एक्स-रे अडवणारा शिशाचा जड झगा घातला, आणि आत. खोली एवढी गार की दात वाजत होते. अंबी टेबलावर आडवी, अंगावर हिरवी चादर, नाकात बोळे, त्यामुळं आवाज सर्दी झाल्यासारखा. उजव्या हातात तिला एक पिवळं रबरी बदक दिलेलं. दाबलं की चीं करतं.

"हे काय, बारसं आहे काय माझं?" अंबी.

"दाबत राहा," कित्तूर म्हणाले. "बदक गप्प झालं की मला कळतंय. आणि तोंड चालू ठेव. काहीही बोल. मधीमधी मी विचारीन त्याचं उत्तर द्यायचं."

"काहीही म्हणजे? मग कबड्डीच म्हणतो की. तुमचा फुगा दमेल, मी नाही दमायचो."

खोलीतले सगळे हसले. सिस्टरसुद्धा. डॉक्टरांनी खिशातलं घड्याळ दाखवलं, हे काय? "घड्याळ." नाव? "अंबिका." ही कोण? "निलू. अभ्यासात ढ." बदक चीं, चीं. सगळं झकास.

पडद्यावर तिच्या डोक्यातल्या नळ्या काळ्या काळ्या दिसत होत्या, झाडाच्या मुळांसारख्या. आणि एका वळणावर तो फुगवटा. मी एकदा बघितला आणि परत तिकडं मान वळवली नाही.

"फुगवतोय," डॉक्टर म्हणाले.

"कबड्डी कबड्डी कबड्डी..." अंबी सुरू. चीं. चीं. मी तिच्या डोक्याशी वाकून, तिचं तोंड माझ्याकडं. तिनं मला डोळा मारला! खरंच मारला. डॉक्टरांनी विचारलं, नाव? "अंबिका." गाव? "इचलकरंजी." परत कबड्डी कबड्डी. मला वाटलं, सुटलो. हिचा मेंदूपण हिच्यासारखाच, कुणाला ऐकायचा नाही. मी मनात अल्लाचे आभार मानायला सुरुवातही केली होती.

अंबीचा सूर अगदी तोच. तोच वेग, श्वास घेऊन परत तोच वेग. मैदानावर दहा वर्षं ऐकलेला.

डॉक्टरांनी पेन तिच्या डोळ्यांपुढं धरलं. "हे काय आहे?"

अंबीनं पेनाकडं बघितलं, आणि शांतपणे म्हणाली, "कबड्डी."

मी फस्सकन हसले. आता अंबी म्हणजे असलीच! शाळेत बाईंनी राजधानी विचारली तर त्यांच्या तोंडावर "मिसळ" म्हणणारी. माझ्यामागं सिस्टर पण हसली.

"नीट सांग. हे काय?"

"कबड्डी कबड्डी."

"नाव काय तुझं?"

"कबड्डी."

हसता हसता माझ्या लक्षात आलं की बदक वाजत नाहीये. बघते तर ते तिच्या मांडीशेजारी चादरीवर पडलेलं, आणि तिचा हात तसाच उघडा. पंजा वर. आणि ती माझ्याकडं बघत होती, अगदी नेहमीसारखी, जणू आमच्यात काही गप्पा चालल्यात, आणि तोंडातून एकच, कबड्डी कबड्डी कबड्डी. थांबतच नव्हती! मी म्हटलं, "अंबे?" ती मान हलवून म्हणाली, "कबड्डी." जणू "काय गं?" असं.

मला आयुष्यात असलं कधी भ्यायला झालं नाही.

"फुगा खाली," डॉक्टर म्हणाले. आवाज खालचाच, पण सगळे एकदम हलले.

क्षणभर ती गप्प. मग हात हलला, बोटं मिटली. "बदक कुठं गेलं?" अंबी म्हणाली. स्पष्ट. "झालं काय? पास ना?"

कित्तूर तिच्यावर वाकले. "नाही झालीस. बंद करता येणार नाही. बोलणं गेलं तुझं, हात गेला."

"कवा?"

"आत्ता."

"काय सांगताय! मी बोलत होतो की सगळं. तुम्ही पेन दाखवलं, मी पेन म्हणालो."

"पेन नाही म्हणालीस."

"पेनच म्हणालो! मला ऐकू आलं ना माझं मला!" आणि ती चिडली. बोळ्यांमधून आवाज फुटत होता तिचा. "तुम्हाला अस्तरच लावायचं होतं पहिल्यापासून. आईनं सांगितलंय ना तुम्हाला? शिबिर बुडवायचंय माझं. परत करा चाचणी."

"परत नाही करता येत, बाळ."

"मग बंद करा नळी. मी सांगतोय ना. अस्तर नको."

"बंद केली तर तू आत्ता होतीस तशी कायमची राहशील."

"आत्ता मी चांगलीच होतो!"

तिला खरंच आठवत होतं की ती पेन म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती, नाटक करत नव्हती. तिच्या कानात तिचं "पेन" वाजलेलं, आणि आम्हा सगळ्यांच्या कानात "कबड्डी". मधी पुरावा कसलाच नाही. आणि ती काही डॉक्टरांकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती.

"निलू. तू सांग. मी पेन म्हणालो का नाही?"

मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिच्या नाकातला बोळा लाल झाला. आधी कड, मग सगळाच. मग ओठावर, हनुवटीवर, तिला ठसका लागला आणि माझ्या झग्यावर रक्त उडालं. घशात जात होतं तिच्या. सिस्टरनं तिचं डोकं एका बाजूला वळवलं, कुणीतरी नळी तोंडात घातली शोषून घ्यायला, मशीन टुंग टुंग ओरडायला लागलं.

"फुटलं," डॉक्टर म्हणाले. पुढं मी त्यांचं एकेक वाक्य सांगते, कारण ते तसंच्या तसं लक्षात आहे. "फुगा परत फुगवायला लागणार. रक्त थांबेल, पण बोलणं जाईल. मग मी तुला काही विचारू शकत नाही, तू मला काही सांगू शकत नाहीस. तुला शब्द दिलाय म्हणून आत्ता विचारतो. फुगा फुगायच्या आत बोल. अस्तर लावू?"

अंबीनं माझा हात धरला. डाव्या हातानं. तोंडात ती शोषायची नळी, दातांवर रक्त. "निलू," म्हणाली. एवढंच.

मी म्हटलं, "तू पेन नाही म्हणालीस. पेनला कबड्डी म्हणालीस. नाव विचारलं तरी कबड्डी म्हणालीस. बदक खाली पडलं तुझ्या हातातून. अम्मीची शपथ."

तिनं माझ्याकडं असं बघितलं ना. रागानं नाही. जणू मी कुणीतरी दुसरीच आहे. मी तिच्या हाताला गच्च धरून ठेवलं, कारण मला वाटलं आता ही हात सोडवून घेणार.

मग डॉक्टरांकडं न बघता, माझ्याकडंच बघत म्हणाली, "लाव."

"जोरात," डॉक्टर म्हणाले.

"लावा म्हटलं ना!"

फुगा फुगला. रक्त थांबलं. आणि तिचे डोळे माझ्यावरच असताना तिचं बोलणं परत गेलं, या वेळी कबड्डीसुद्धा नाही, काहीच नाही, नुसते ओठ. भूलवाल्या डॉक्टरनं मास्क लावला आणि कुणीतरी मला दंडाला धरून बाहेर काढलं.

बाहेर काकू. माझ्या झग्यावर रक्त! काकूंनी बघितलं आणि काही विचारलंच नाही. पदर तोंडात धरला आणि भिंतीला टेकल्या. मी सांगितलं, "अस्तर लावताहेत काकू. ती हो म्हणाली." काकू म्हणाल्या, "अंबी? हो म्हणाली?" त्यांचा विश्वासच बसेना. त्या पोरीनं आयुष्यात त्यांना कशालाच हो म्हटलेलं नव्हतं. आम्ही तिथंच फरशीवर बसून राहिलो. काकू एका हाताने जपाचे मणी ओढत होत्या आणि दुसऱ्या हाताने माझी ओढणी.

कित्तूर बाहेर आले तेव्हा टोपी हातात, केस घामानं चिकटलेले. "वळणावर अडलं होतं," म्हणाले. "दोनदा मागं घेतलं. तिसऱ्यांदा गेलं. पडदा नीट बसलाय, भोक झाकलंय." मग काकूंपुढं दोन बोटं फिरवून दाखवली, शिलाई घातल्यासारखी. "मावशी, बाही जमली." काकू त्यांच्या पाया पडायला वाकल्या आणि तिथंच बसून राहिल्या. पण डॉक्टर हसत नव्हते. "जागी झाल्यावर बघू. फुगा बराच वेळ फुगवून ठेवायला लागला. बोलते का, हात हलवते का, ते मी आत्ता सांगत नाही."

ती रात्र मी सांगत नाही. काहीच झालं नाही त्या रात्री.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला आत सोडलं. काकू नुकत्याच बाहेर आलेल्या, रडून रडून तोंड सुजलेलं, पण हसत होत्या. बोलता येत नव्हतं त्यांना, नुसतं आत जा, आत जा असं हातानं.

अंबी उशीला टेकून. नाकात अजून एक बोळा, आवाज घोगरा, घशात नळी होती ना. उजव्या हातात चमचा धरून पेज खात होती. उजव्या! हळूहळू, सांडत, पण खात होती.

"आलीस का?" म्हणाली. "बस. ती सिस्टर कुठंय बघ."

"बाहेर गेली."

"डॉक्टर?"

"ते पण नाहीत. का?"

तिनं चमचा ठेवला. मला जवळ बोलावलं. "आता कुणी नाही इथं. अस्तर लावून झालंय, शिबिर पण गेलं, सरांना आईनं फोन केलाय. आता खरं सांगितलंस तरी काही बिघडत नाही. मी पेन म्हणालो होतो ना?"

"अंबे, नाही गं. खरंच नाही."

"मला अजून ऐकू येतंय, निलू. पेन. अगदी साफ. डोळे मिटले की ऐकू येतंय."

"म्हणजे तुला तेव्हा... तुला पटलं नव्हतं माझं?"

"कसं पटेल? मी स्वतः बोललेलो."

मी बेडची दांडी धरली. गार होती. म्हटलं, "मग? मग लाव कशाला म्हणालीस?"

अंबीला तो प्रश्नच कळला नाही बहुतेक. तिनं चमचा परत उचलला, पेजेत बुडवला, तोंडाकडं नेता नेता थांबली आणि म्हणाली, "तू शपथ घेतलीस की."

आणि पेज खायला लागली.